ठाणे आणि नवी मुंबईचं विकेंद्रित मराठी समाजमाध्यम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, ऐरोलीत आणि नेरुळला झालेल्या आमच्या भेटींमध्ये जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी घाईत सांगितल्या की गैरसमज होतात.

हे नेमकं काय आहे?

खातं तुमच्या मालकीचं राहील असं, आणि खात्याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवणारं समाजमाध्यम. पोस्ट लिहिणं, फोटो टाकणं, कुणाला फॉलो करणं हे सगळं नेहमीसारखंच. पण आमचा कारभार तुम्हाला पटेनासा झाला, तर आपलं नाव, फॉलोअर आणि जुनं लिखाण घेऊन तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकता. त्यासाठी आमची परवानगी लागत नाही आणि तुम्हाला अडवण्याची सोय आम्ही ठेवलेलीच नाही.

सगळे लोक आहेत त्या ॲपवरच आहेत. मग हा खटाटोप कशाला?

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. मराठीसह भारतीय भाषांना जागा देणारं कू जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. दर वेळी मराठीत लिहिणाऱ्यांनी नव्या ठिकाणी जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मागे राहिलेल्या चर्चा, कविता, भांडणं, माहिती सगळी वाहून गेली.

आमचा स्वतःचा अनुभव याहून जवळचा आहे. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर उतरणाऱ्या फ्लेमिंगोंच्या नोंदी आमच्यातले काही जण ठेवायचे: तारीख, भरती की ओहोटी, अंदाजे किती पक्षी, पाणी कसं दिसतंय. हे सगळं एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावरच्या गटात साठत होतं. एके दिवशी गट चालवणाऱ्या ताईंचं खातं नियमभंगाच्या नावाखाली बंद झालं. कुठला नियम मोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि गटही त्यांच्या खात्याबरोबर गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मागच्या वर्षांशी ताडून बघायला त्याच नोंदी हव्या होत्या. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे. अशा जागेबद्दल तिथल्या रहिवाशांनी गोळा केलेली माहिती एका खात्याच्या भरवशावर राहावी, हे आम्हाला मान्य नाही. कामाची सुरुवात तिथून झाली.

विकेंद्रित म्हणजे सर्व्हरच नाही का?

सर्व्हर आहेतच. सध्या तीन आहेत: एक महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला, दुसरा नौपाड्यात एका सदस्याच्या घरी, तिसरा मुद्दाम महाराष्ट्राबाहेर. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. तशी वेळ पुन्हा आली तर बाहेरचा सर्व्हर चालू राहावा, म्हणून ही व्यवस्था. तिघांकडे सगळ्या पोस्टची प्रत असते आणि ते आपापसात ती जुळवत राहतात. चौथा सर्व्हर तुम्हीही उभा करू शकता.

विकेंद्रित म्हणण्याचा अर्थ इतकाच, की यातला कुठलाही एक सर्व्हर, आणि तो चालवणारा माणूस, बाजूला झाला तरी तुमचं खातं जिवंत राहतं.

मग यात ब्लॉकचेन कुठे लागते?

मुख्यतः एका ठिकाणी, आणि हे नीट समजून घ्या, कारण सगळी रचना यावर उभी आहे.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत 'आय' फॉर्मची सभासद नोंदवही असते. कुठला फ्लॅट कोणाच्या नावावर आणि हस्तांतर कधी झालं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. घरात सोफा कुठे ठेवलाय ते कोणी त्यात लिहीत नाही. आमची ब्लॉकचेन (पुढे नुसतं 'साखळी') ही अशी नोंदवही आहे: कुठलं नाव कुठल्या किल्लीचं, ती किल्ली कधी बदलली, आणि हरवली तर ती परत मिळवून देण्याचा अधिकार कोणाला. फरक असा, की ही नोंदवही एका सेक्रेटरीच्या कपाटात नसते. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि मागची नोंद खोडून नवी घालणं कोणा एकाच्या हातात नसतं.

तुम्ही पोस्ट लिहिता तेव्हा फोनमधली खासगी किल्ली (फक्त तुमच्याकडे असलेली गुप्त संख्या) तिच्यावर डिजिटल सही करते. वाचणाऱ्याचं ॲप साखळीवरची तुमची सार्वजनिक किल्ली (तिचीच सगळ्यांना दिसणारी जोडीदार संख्या) बघून ती सही पडताळतं. मधल्या सर्व्हरने एक मात्रा जरी बदलली तरी सही जुळत नाही. सर्व्हरवर विश्वास ठेवायची गरज इथे संपते.

हा विचार आमचा नाही. फारकास्टर नावाच्या जाळ्याने हाच मार्ग घेतला: ओळखीची नोंद इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर आधारलेल्या साखळीवर आणि पोस्ट तिच्याबाहेर. लेन्स हे २०२२ मध्ये आलेलं जाळं आणखी पुढे गेलं. तिथे सुरुवातीला प्रोफाइल हेच साखळीवरचं एनएफटी (विकता येणारी डिजिटल मालमत्ता) होतं. दोन्हींचा अभ्यास करून आम्ही पहिल्याकडे झुकलो.

पोस्टसुद्धा साखळीवरच ठेवल्या तर जास्त सुरक्षित नाही का?

नाही. पहिलं कारण खर्चाचं, आणि मराठीला हा खर्च जास्त बसतो. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला तीन. 'नवी मुंबई' हे दोन शब्द मधल्या जागेसकट २५ बाइटचे होतात. इथेरियमच्या करारात (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कायमची साठवण ३२ बाइटच्या कप्प्यात होते आणि नवा कप्पा भरायला साधारण २२,००० गॅस (शुल्क मोजायचं एकक) लागतो. एकाकडून दुसऱ्याला इथर (इथेरियमचं चलन) पाठवायचं झालं तर २१,००० लागतो. म्हणजे देवनागरीची दर दहा चिन्हं साठवायला एकदा पैसे पाठवण्याइतका खर्च. तीन ओळींची पोस्ट म्हणजे असे पंचवीस-तीस कप्पे. शुल्क कितीही उतरलं तरी हे गणित मराठी लिहिणाऱ्याच्या विरोधातच जातं.

साखळीबाहेर गेल्यावरही बाइटचा प्रश्न पुरता सुटत नाही. फारकास्टरने साध्या पोस्टची मर्यादा ३२० बाइट ठेवली. इंग्रजीत तेवढ्यात दोन-तीन वाक्यं बसतात, मराठीत शंभरेक चिन्हांत जागा संपते. म्हणून आम्ही मर्यादा बाइटमध्ये ठेवलेली नाही, दिसणाऱ्या अक्षरांवर ठेवली आहे. 'क्षि' हे एक अक्षर, त्यामागे संगणकाला कितीही चिन्हं लागोत.

दुसरं कारण माणसाचं. रागाच्या भरात लिहिलेलं, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिलेलं, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी उघड करणारं लिखाण मागे घेता यायलाच हवं. साखळीवर गेलेलं मागे येत नाही.

म्हणजे पोस्ट खरोखर पुसली जाते?

तुम्ही सही केलेला 'पुसा' हा आदेश तिन्ही सर्व्हरवर पोचतो आणि पोस्ट, फोटो दोन्ही काढले जातात. ज्याने आधीच स्क्रीनशॉट घेतला त्याच्या फोनमधून मात्र आम्ही काही काढू शकत नाही, आणि वेगळा सर्व्हर चालवणाऱ्याने आदेश पाळला नाही तर आम्ही त्याच्याशी जुळवणी बंद करतो.

थोडी तांत्रिक बाजू. दिवसातून एकदा आम्ही त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींचा एकच हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) साखळीवर टाकतो. अमुक फोटो अमुक दिवशी इथे होता, हे पुढे सिद्ध करता यावं यासाठी. पाणथळ जागेच्या नोंदींना याचं मोल फार आहे. हॅशवरून मूळ मजकूर परत मिळत नाही, पण छोट्या मजकुराचा अंदाज बांधून तो ताडता येतो. म्हणून प्रत्येक नोंदीत आम्ही एक यादृच्छिक संख्या मिसळतो आणि पोस्ट पुसताना तीही पुसतो. त्यानंतर साखळीवर उरलेल्या आकड्यावरून तुमच्यापर्यंत कोणाला पोचता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. तो पाळता यावा म्हणून ही रचना पहिल्या दिवसापासून ठेवली.

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर ही विकेंद्रित समाजमाध्यमं आहेतच. त्यातलंच एखादं का घेतलं नाही?

चांगला प्रश्न. तिन्हींबद्दल आम्हाला आदर आहे आणि तिन्ही ब्लॉकचेनशिवाय चालतात. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये आलं. ते ज्या ॲक्टिव्हिटीपबवर चालतं तो प्रोटोकॉल २०१८ पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा प्रमाणित प्रोटोकॉल आहे. अडचण अशी, की तिथे तुमच्या नावात सर्व्हरचं नाव असतं. सर्व्हर बंद पडला की ते नावही गेलं. नॉस्टरमध्ये किल्ली हीच ओळख. रचना सुंदर आणि साधी, पण किल्ली हरवली किंवा चोरीला गेली तर ती बदलायचा सर्वमान्य मार्ग नाही. ब्लूस्कायने सर्व्हर बदलण्याची सोय विचारपूर्वक केली आहे, पण ओळखींची मुख्य यादी बराच काळ त्यांच्याच कंपनीकडे राहिली.

नाव सर्व्हरला बांधलेलं नको, किल्ली बदलता यायला हवी, आणि यादी एका कंपनीकडे नको. या तिन्ही गोष्टी एकत्र मागितल्या की सामायिक नोंदवही लागते. ब्लॉकचेन आम्ही तेवढ्यापुरती घेतली. यातली एखादी अट तुम्हाला महत्त्वाची वाटत नसेल, तर मॅस्टोडॉनचा सर्व्हर उभा करा. ते सोपं आणि स्वस्त पडेल.

फोन हरवला किंवा बारा शब्द विसरले तर?

घरातल्या मोठ्यांना जाळ्यावर आणताना सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. बहुतेक वॉलेट (किल्ली सांभाळणारी ॲप) किल्ली परत मिळवण्यासाठी बारा शब्द कागदावर लिहून ठेवायला सांगतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या प्रमाणित यादीतून येतात, आणि अशा याद्या ज्या भाषांत आहेत त्यांत एकही भारतीय भाषा नाही. आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेल्या आजींनी बारा इंग्रजी शब्द ओळीने, स्पेलिंगसकट सांभाळावेत ही अपेक्षा चुकीची आहे.

म्हणून आम्ही शब्दांऐवजी माणसांवर भर दिला. खातं उघडताना तुम्ही पाच विश्वासू माणसं निवडता: बहीण, भाचा, समोरच्या काकू, जुना मित्र, कोणीही. किल्ली हरवली तर त्यांपैकी तिघांनी आपापल्या फोनवरून होकार दिला की नवी किल्ली तुमच्या नावाला जोडली जाते. मध्ये सात दिवस थांबावं लागतं. तिघांनी संगनमत करून तुमचं खातं बळकावायचा प्रयत्न केला, तर त्या सात दिवसांत तुम्ही जुन्या किल्लीने तो हाणून पाडू शकता. पाचही जण एकाच घरातले निवडू नका, ही कळकळीची विनंती. घरात वाद झाला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्यांना बारा शब्दच हवेत त्यांना तोही पर्याय आहे. मात्र त्यांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. आमच्यातलं कोणीही ते तुम्हाला कधीही विचारणार नाही.

कुठली साखळी वापरता? विजेची उधळपट्टी होत नाही का?

इथेरियमवर आधारलेली दुसऱ्या थराची साखळी. तिथे व्यवहार स्वस्तात होतात आणि त्यांचा हिशोब मूळ साखळीवर जमा होतो. इथेरियमच्या मार्च २०२४ मधल्या डेनकुन सुधारणेनंतर दुसऱ्या थराचं शुल्क आणखी उतरलं. विजेचं म्हणाल, तर इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला खाणकामाची (व्यवहार पक्के करायला संगणकांनी वीज खर्चून गणितं सोडवण्याची) पद्धत सोडली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. बिटकॉइनबद्दलची टीका इथे लागू होत नाही.

आमच्यातले काही जण हे काम पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या चाचणी साखळीवर शिकले. तिचं नाव 'मुंबई' होतं. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी 'अमॉय' आली.

शुल्क मला भरावं लागेल का?

नाही. नाव नोंदवणं, किल्ली बदलणं आणि दिवसाचा हॅश टाकणं, या तीनच वेळी साखळीवर खर्च येतो आणि तो वर्गणीतून भरला जातो. पोस्ट लिहायला, वाचायला काहीच लागत नाही. तुम्हाला क्रिप्टो विकत घ्यावं लागत नाही.

तुमचं टोकन कधी येणार?

टोकन, म्हणजे विकता येणारं डिजिटल नाणं, येणार नाही. आज नाही, पुढेही नाही.

यामागे एक घटना आहे आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती अभ्यासावी. २०१६ मध्ये स्टीमिट नावाचं ब्लॉकचेनवरचं समाजमाध्यम सुरू झालं. लिहिणाऱ्याला आणि मत देणाऱ्याला टोकन मिळायचं आणि ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताला वजन जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. तिच्याबरोबर टोकनचा मोठा साठा आला. साखळी चालवणाऱ्यांनी तो गोठवल्यावर काही क्रिप्टो एक्स्चेंजनी (टोकनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांनी) ग्राहकांनी ठेवायला दिलेली टोकन मतदानात उतरवली आणि साखळीचं नियंत्रण त्यांच्या हातचं गेलं. २० मार्च २०२० ला लोकांनी साखळीची वेगळी शाखा काढली, ती हाइव्ह. कागदावर सगळं विकेंद्रित होतं. मत विकत घेता येत होतं, एवढंच ती रचना मोडायला पुरेसं ठरलं.

शिवाय भारतात अशा टोकनच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि हस्तांतरावर त्याच वर्षीच्या १ जुलैपासून १ टक्का टीडीएस. कविता टाकून चार टोकन मिळालेल्या माणसाला विवरणपत्रात त्याचा हिशोब द्यायला लावणं आम्हाला पटत नाही. आणि पैसे मिळायला लागले की लोक काय लिहितात, किती वेळा लिहितात, हेही बदलतं. आमच्या नावाने कोणी टोकन विकत असेल तर ती फसवणूक आहे असं समजा.

एकच माणूस शंभर खाती काढील त्याचं काय?

काढायचा प्रयत्न होणारच. आधार मागायचं नाही हे आम्ही ठरवलं आहे, कारण ती माहिती सांभाळण्याची जोखीम आम्हाला घ्यायची नाही. त्याऐवजी आधीपासून असलेल्या सदस्याच्या निमंत्रणावर खातं मिळतं आणि प्रत्येकाला मोजकीच निमंत्रणं. कोणी कोणाला आणलं याची माहिती सर्व्हर चालवणाऱ्यांकडे असते. त्यामुळे बनावट खात्यांचा गठ्ठा सापडला की त्याचं मूळही सापडतं. वाढ हळू होते. ते आम्हाला चालतं.

अफवा, शिवीगाळ, बदनामी हे कोण आवरणार?

'विकेंद्रित आहे, त्यामुळे कोणीच जबाबदार नाही' असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटमध्येच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. महाराष्ट्रात बसून संदेशवहनाचं साधन बांधणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

आमच्याकडे दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली की मूळ लेखकाची सही आणि तारीख तिच्यासोबत जातेच. ती काढून 'आलेलं पुढे पाठवतोय' म्हणता येत नाही. तक्रार आली की सर्व्हरची निगा राखणारे दोघे जण स्वतंत्रपणे ती वाचतात. पोस्ट काढली तर का काढली ते लेखकाला मराठीत, माणसाने लिहून कळवलं जातं. साखळीवरचं नाव आम्ही काढू शकत नाही, पण आमच्या सर्व्हरवर काय दाखवायचं ते आम्हीच ठरवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि त्याखालचे २०२१ चे नियम आम्हाला लागू आहेत. नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमलेला आहे.

खासगी संदेश पाठवता येतात का?

सध्या नाही. दोन टोकांच्या मध्ये कोणालाही वाचता येणार नाहीत असे संदेश देता येईपर्यंत ही सोय सुरू करणार नाही.

मराठीसाठी वेगळं असं काय केलंय?

बरंच, आणि खरा वेळ इथेच गेला. एक उदाहरण देतो. 'दऱ्या' हा शब्द दोन फोनवरून टाइप करा. एका किबोर्डवर त्यातला अर्धा र हा खालच्या टिंबाचा ऱ असतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डोळ्यांना फरक कळणं अशक्य. पण बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा, आणि सही एकाची दुसऱ्याला लागत नाही. शोधतानाही 'सुऱ्या', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांचा' असे शब्द अर्धेच सापडतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) यातला काही भाग सांभाळतं, पण हा जोडचिन्हाचा प्रकार त्यात येत नाही. तसंच 'ॲ'चं: एक अखंड ॲ आणि दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला.

आम्ही मूळ मजकुराला हात लावत नाही. लेखकाने टाइप केलेल्या बाइटवरच सही होते, नाहीतर पडताळणी मोडेल. शोधासाठी मात्र एक वेगळी प्रत तयार होते, तिच्यात हे सगळे पर्याय एका रूपात आणलेले असतात.

नाव देवनागरीत घेता येईल?

हो, आणि तसंच घ्यावं असं आम्हाला वाटतं. वर सांगितलेल्या कारणामुळे दिसायला सारखी नावं दोघांना दिली जात नाहीत. एकाने घेतलं की त्याचे सगळे जुळे पर्याय आपोआप राखून ठेवले जातात. एकाच नावात देवनागरी आणि रोमन मिसळता येत नाही.

तुम्हीच उद्या थांबलात तर?

सगळा कोड खुला आहे, साखळीवरची नोंदवही आमच्याशिवाय चालू राहते आणि कोणत्याही क्षणी तुम्ही आपल्या सगळ्या पोस्ट सह्यांसकट एका फाइलमध्ये उतरवून घेऊ शकता. ते बटण सेटिंगमध्ये सगळ्यात वर आहे. महिन्यातून एकदा दाबत चला.

मला हातभार लावायचा आहे, पण प्रोग्रॅमिंग येत नाही.

प्रोग्रॅमिंग येणारे आमच्याकडे आहेत. कमी आहेत ते तक्रारी शांतपणे वाचून उत्तर लिहू शकणारे, ज्येष्ठ नागरिकांना पाच विश्वासू माणसं निवडायला मदत करणारे, आणि पाणथळ जागांवर नियमित जाऊन नोंदी करणारे. तुमच्या ओळखीतल्या सदस्याकडून निमंत्रण घ्या आणि पुढच्या भेटीला या. घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर तोही आणा. किबोर्डच्या चाचणीसाठी जितके निरनिराळे फोन मिळतील तितके हवे आहेत.